चाचांचा निळा समुद्र

माझं निम्मं आयुष्य समुद्राचे फोटो सरळ करण्यात गेलं, आणि तेही बुलडाण्यात बसून. हसायचं काम नाही. कोकणातल्या स्टुडिओवाल्याच्या हातून जेवढे समुद्र गेले नसतील तेवढे माझ्या हातून गेलेत. ज्याच्या दारात समुद्र आहे तो कशाला त्याचा फोटो काढत बसेल? फोटो काढतात आमची माणसं. दरवर्षी नुसते बेत करतात, मग एखाद्या वर्षी सोयाबीन घरात पडल्यावर गाडी ठरवून एकदाचे निघतात, आणि पाणी दिसलं रे दिसलं की सगळ्यांचे मोबाइल वर. परत आले की पेनड्राइव्ह आमच्या काउंटरवर. "ताई, यातले चांगले चांगले काढून द्या." चांगला त्यात एकही नसतो. तो करावा लागतो, आणि तेच माझं काम होतं.

लॅब चाचांची. चाचा म्हणजे मालकही आणि माझे उस्तादही. मी मुलखाची तोंडाळ आणि ते मुलखाचे गरीब, त्यामुळे आमचं जमलं. सकाळी शटर वर करताना ते मला "जयभीम, बाई" म्हणायचे आणि मी "सलाम, चाचा" म्हणायची. मग झाडू, मग चहा, मग काम. कामाची वाटणी ठरलेली होती. संगणकावर फोटोचा रंग चाचा बसवायचे. कुठून कापायचा हे मी बघायची, छापायची मी, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचीही मीच. चाचांना भांडता यायचं नाही. गिऱ्हाईक तावात आलं की ते त्याच्यासाठी चहा सांगायचे.

लोकांना वाटतं फोटो मशीनमधून आपोआप निघतो. निघतो, पण कसा निघतो ते आम्हाला विचारा. समुद्राच्या फोटोत आधी बघायची ती पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ. माणूस बायकोकडे बघत फोटो काढतो, हात कलतो आणि समुद्र एका बाजूला सांडायला लागतो. देऊळघाटचं एक नवीन जोडपं फिरून आलं होतं. फोटो घ्यायला पोरीची सासू सोबत आली. एकेक फोटो बघत गेली आणि एका ठिकाणी थांबली. "काऊन वं, तुमी गेल्ते तठी समुद्र उतारावर व्हता काय?" पोरगी लाजून चूर. पोरगा म्हणाला, लाट होती आई. मी आत जाऊन तो फोटो सरळ करून आणला. तेव्हा सासू म्हणाली, "आता कशी लाट बसली पाह्य."

रेघ सरळ झाली की ती कुठं ठेवायची हा प्रश्न. बरोबर मधोमध ठेवली की आभाळाचं मन भरत नाही आणि पाण्याचंही भरत नाही, भावाभावांच्या वाटणीसारखं. आभाळात ढग चांगले असतील तर त्याला दोन वाटे द्यायचे, नुसतंच कोरडं असेल तर पाण्याला. आणि ती रेघ माणसाच्या मानेतून जाऊ द्यायची नाही, गळा चिरल्यासारखा दिसतो. माणूस मध्ये उभा करण्यापेक्षा जरा कडेला बरा, म्हणजे तो जिकडे बघतोय तिकडे जागा राहते. एवढं सगळं मी चाचांकडून शिकले.

गिऱ्हाइकाला मात्र ते पटत नाही. धाडचा एक मिरचीचा व्यापारी होता. त्यानं फोटोत दोन्ही हात पसरले होते आणि समुद्राची रेघ बरोबर गळ्यातून गेलेली. मी कापून कापून त्याला डाव्या अंगाला नेला आणि उजवीकडे सगळं पाणी मोकळं ठेवलं. चांगला दिसत होता हो. तो भडकला.

"मले कडेला काऊन टाकलं?"

"समुद्र चांगला दिसतो त्यानं," मी म्हटलं.

"ट्रिपचा खर्च मी केला का समुद्रानं?"

चाचांनी चहा सांगितला आणि मी त्याला पुन्हा मधोमध उभा केला.

रंगाचं काम याहून कठीण. ते समजावून सांगायला गेलं तर एका ओळीचं आहे, आणि करायला गेलं तर जन्म पुरत नाही. फोटोत जे खरोखर पांढरं होतं ते आधी शोधायचं. कुणाचा शर्ट, टोपी, लाटेचा फेस, काहीही. ते पांढरं झालं पाहिजे, पिवळट नाही, निळसर नाही. ते एक जमलं की बाकीचे रंग आपापल्या जागी जाऊन बसतात. ज्याला ते जमत नाही तो एकेक रंग धरायला जातो. आभाळ सुधारायला गेला की वाळू गुलाबी होते, वाळू धरली की नवऱ्याला कावीळ. चाचांना ते जमायचं. छापलेला फोटो ते दारात उजेडाला धरायचे आणि म्हणायचे, "पिवळा जरासा जास्त हाय." जरासा म्हणजे किती, तर मला दिसायचासुद्धा नाही. चिखलीपासून मेहकरपर्यंतचे स्टुडिओवाले लग्नाचे अल्बम आमच्याकडे पाठवायचे ते या नजरेसाठी. मशीन तर सगळ्यांकडेच होती.

आता मूळ गोष्टीवर येते.

अमडापूरच्या काही उपासिका सहा डिसेंबरला दादरला जाऊन आल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांतल्या, आमच्याच समाजाच्या बाया. चैत्यभूमीचं दर्शन झाल्यावर मागच्या चौपाटीवर ओळीनं उभं राहून त्यांनी फोटो काढला. दादरचा समुद्र मी स्वतः पाहिलेला आहे, दोनदा. दोन्ही वेळा तो पावसाळ्यातल्या नाल्यासारखा मातकट होता. बाबासाहेबांचं दर्शन झालं त्या भरात समुद्राकडे कोण बघतंय, पण रंग मला आठवत होता. चाचांनी रंग बसवून फोटो माझ्याकडे छापायला दिला तर समुद्र निळाशार. साड्यांनाही निळी झाक. मी म्हटलं, हे काय? मशीनचं काही बिघडलं असेल म्हणून पुन्हा छापला. पुन्हा निळा.

त्या बाया फोटो न्यायला आल्या तेव्हा मी दोन शिव्या खायच्या तयारीनं बसले होते. तर त्यातली सगळ्यात म्हातारी फोटो हातात धरून म्हणाली, "माय वं! साड्याईले नीळ काय सुंदर बसली हो!"

आमच्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ घातल्याशिवाय तो पांढरा मानतच नाहीत. नुसता पांढरा म्हणजे मळका. तेव्हा निळसर साड्या त्यांना जास्तच पांढऱ्या दिसल्या. आणि समुद्र? "निळा तं आपलाच रंग हाय, बाई," दुसरी म्हणाली. एवढ्या आनंदात त्या फोटो घेऊन गेल्या की मी गप्प बसले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या गावच्या, मग शेजारच्या गावच्या माणसांनी समुद्र आणून दिले. "अमडापूरच्या बायाईले देल्ता तसा निळा पाह्यजे." बघता बघता त्याला नावच पडलं, चाचांचा निळा.

समुद्राचं ठीक होतं. आमच्याकडे तो खरा कसा असतो हे सांगणारं कुणी नव्हतंच. पण पुढे लग्नाचे अल्बमही निळे यायला लागले. नवरदेवाची हळद हिरवट, नवरी गारठल्यासारखी. लग्नात चालत नाही ते. हळदीचा रंग कुणाला माहीत नसतो? मी कागदाचा गठ्ठा बदलून पाहिला. छपाईची औषधं बदलली. अकोल्याहून मेकॅनिक बोलावला, त्यानं मशीन उघडली, पुसली, बंद केली आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. मग मला जे कळायचं ते कळलं. चाचांनी बसवलेला रंग छापायच्या आधी मी गुपचूप थोडा निळा काढायला लागले. फक्त माणसांच्या फोटोतला. समुद्र मी त्यांचे त्यांना ठेवले.

पण असं किती दिवस चालणार? एक दिवस मी तोंड उघडलं.

"चाचा, निळं जास्त होऊन राह्यलं."

"कशात?"

"सगळ्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काळजीनं. "तुह्या डोळ्याले काय झालं, बाई?"

मी म्हटलं, माह्या डोळ्याला काही झालं नाही. ते ऐकेनात. दोन दिवस ते माझ्या छपाईचे फोटो उजेडात धरून बघत होते आणि मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, "चल. डोळ्याच्या डॉक्टरीनबाईकडे नंबर लावेल हाय तुहा. मह्या दुकानात काम करून तुहे डोळे गेले असतीन तं इलाज मी करन." माणूस माझ्या भल्यासाठी भर कामाच्या दिवशी दुकान बंद करून निघाला होता. मी गेले.

डॉक्टरीनबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. चाचांनी पुरावा सोबत आणला होता. एकाच समुद्राचे दोन फोटो, एक त्यांच्या रंगाचा, एक मुद्दाम माझ्याकडून बसवून घेतलेला. दोन्ही त्यांनी टेबलावर ठेवले. "सांगा डॉक्टरसाहेब, यातला खरा कोणता?"

बाई म्हणाल्या, "मी समुद्राची डॉक्टर नाही, चाचा. आधी यांना बसू द्या."

मला बसवलं. अक्षरं वाचायला लावली, यंत्रात हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात उजेड टाकला. "यांचे डोळे चांगले आहेत. वाचायचा चष्मा लागेल तेवढा."

चाचांचा चेहरा पडला. त्यांना माझ्यासाठी बरं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटतही होतं, पण मग दुसरा अर्थ काय तो त्यांच्या लक्षात येत चालला होता. मी म्हटलं, "आता तुमी बसा."

"मी कायले? मले सगळं दिसते."

"मी बसली न तुमच्यासाठी? मंग तुमी बसा माह्यासाठी."

बसले. बाईंनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग खुर्ची मागे घेऊन त्यांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि चांगला पिकलेला आहे. चाचा म्हणाले, मोतीबिंदूत तर अंधुक दिसतं, मला तर रंग दिसतात. तेव्हा त्यांनी समजावलं. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, मग चहासारखं होतं. इतकं हळू की माणसाला पत्ता लागत नाही. त्यातून बघितलं की सगळंच पिवळट दिसतं. "मग तुम्ही ते पिवळं मारायला निळा घालत असाल," बाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्याला पांढरं दिसेपर्यंत."

चाचांनी टेबलावरचे दोन्ही फोटो उचलले, पाकिटात घातले. रस्त्यानं येताना एवढंच म्हणाले, "अन् लोकं म्हणत चाचाची नजर, चाचाची नजर." त्यांना किती लागलं होतं ते मला कळत होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

ऑपरेशन एका डोळ्याचं आधी झालं, उजव्या. पट्टी निघाल्यावर घरी न जाता ते थेट लॅबमध्ये आले, काळा चष्मा लावून. चष्मा काढला. काउंटरच्या मागे आम्ही नमुन्याला मोठे फोटो लावले होते, त्यातले बरेच समुद्रच. ते भिंतीकडे बघत उभे राहिले.

"या अल्ला," ते म्हणाले. "हे मी केलं?"

"गिऱ्हाइकाले आवडते न," मी म्हटलं.

"हे तं शाईच्या बाटल्या हायेत, बाई!"

मग त्यांनी जे काढलं ते कुठल्या धंदेवाल्यानं आजवर केलं नसेल. ज्याला ज्याला निळा समुद्र दिला त्याला तो नवा छापून फुकट द्यायचा. आल्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले, बाजाराच्या दिवशी माणसाजवळ निरोप पाठवायला लागले. अमडापूरला तर स्वतः गेले, एसटीनं, नवे फोटो पिशवीत घालून. सोबत मी. त्या म्हाताऱ्या उपासिकेच्या घरी फोटो भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली लावलेला होता. चाचांनी पिशवीतून नवा काढला. रंग अचूक होता, मातकट समुद्र, पांढऱ्या साड्या. तिनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोण्या नदीचं हाय?"

"तोच समुद्र हाय, माय. दादरचा. तो असाच असते."

"असन," ती म्हणाली आणि फोटो परत दिला. "आमी गेल्तो तवा निळा व्हता."

एकानं बदलला नाही. कुणीच नाही. चाचा दमून परत आले. आता तर मोबाइलच आपणहून समुद्र निळा करून देतो. त्याचं भिंग कोणती डॉक्टरीनबाई तपासणार? असो.

खरी अडचण पुढेच होती. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात करायचं ठरलेलं होतं, आणि चाचा तारीख पुढे ढकलायला लागले. एकदा लग्नसराई आहे म्हणाले, एकदा रोजे आहेत, एकदा सर्दी झाली. मधल्या काळात त्यांनी वेगळीच तऱ्हा सुरू केली होती. गिऱ्हाइकाला नीट रंग हवा असला की डावा डोळा मिटून बसायचे. "चाचांचा निळा" हवा असला की उजवा मिटायचे. माणूस एक, डोळे दोन, समुद्र दोन. आधी मला हसू यायचं. मग डॉक्टरीनबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, त्यांचा डावा डोळा फार पिकत चाललाय, अजून लांबवलं तर आत दाब वाढून नजरच जाईल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. तुम्ही सांगा त्यांना.

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. "काऊन नाही करत? त्या डोळ्यात काय ठेवेल हाय तुमचं?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. तो चाचीचा होता.

चाची म्हणजे त्यांची बायको. वारून काही वर्षं झाली होती. घरात नमाज पढतात त्या खोलीत फोटो लावत नाहीत, म्हणून हा फोटो ते दुकानात ठेवायचे, हे मला माहीत होतं. ते रोज तो बघतात हेही माहीत होतं. चाचीला घेऊन ते एकदाच कोकणात गेले होते, त्या वेळचा. चाची गेल्यावर, निळ्या समुद्रांच्या दिवसांत, त्यांनी स्वतः बसून त्याचा रंग बसवला होता आणि छापलाही स्वतःच होता. तेव्हा डोळे पिवळे होऊन चुकले होते, पण ते कुणाला ठाऊक होतं?

चाचांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "या डाव्या डोळ्यानं पाह्यली का ती हाय तशी दिसते. गव्हाळ. चांगली." मग हात काढला, पण फोटोकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. "पट्टी निघाली त्या दिवशी नव्या डोळ्यानं एकदा पाह्यलं. निळी पडेल. मय्यत दिसते, बाई. मी तिले न्हाऊ घातलेली पाह्यली तशी."

मी फोटो जवळ ओढून पाहिला.

"हा डोळा बी बदलला तं मंग तिले कोणत्या डोळ्यानं पाहू?"

मी म्हटलं, रंग पुन्हा बसवू की, त्यात काय आहे, आपलं रोजचंच काम. त्यांनी फोटो एकदम ओढून घेतला. "त्याले हात लावू नको. मले आता तिचा रंग आठवत नाही. दोन डोळे दोन सांगतात. तू चुकली तं तेबी जाईन." आणि खण बंद केला.

मी हात लावला. शुक्रवारी दुपारी ते जुम्म्याच्या नमाजला गेले तेव्हा. मूळ फोटो संगणकात होताच, मोबाइलमधून निघाला तसाच, रंग न बसवलेला. उघडला आणि मला हसावं की रडावं कळेना. उस्तादाचा फोटो, आणि आम्ही जन्मभर गिऱ्हाइकांच्या ज्या चुका काढल्या त्या सगळ्या त्यात एकाच ठिकाणी. समुद्र तिरपा. रेघ बरोबर मधोमध, आणि चाचीच्या गळ्यातून गेलेली. चाची मध्ये, इवलीशी, कारण त्यांना सगळा समुद्र फोटोत पाहिजे होता. वरती कोरडं आभाळ एवढं मोठं की त्यात तीन लग्नं लागतील.

आधी रेघ सरळ केली. मग वरचं आभाळ काढलं, डावीकडचं पाणी काढलं, जवळ जवळ येत गेले आणि चाचीला कडेला घेतलं, समुद्राकडे जागा ठेवून. ती मोठी झाली. ओढणीची किनार दिसायला लागली, हातातल्या चपला दिसायला लागल्या. रेघ मानेतच राहिली, त्याला माझा इलाज नव्हता. मग रंग. चेहऱ्याला मी हात लावला नाही. तिच्या पायाशी लाटेचा फेस होता, तेवढा पांढरा केला आणि थांबले. चेहरा आपला आपण आला. ईदला त्या बाईच्या हातचा शीरखुर्मा मी किती वर्षं खाल्ला आहे, तिचा रंग मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती अशीच होती. गव्हाळ, हनुवटीवर तीळ. मोठा करून छापला आणि दाराजवळच्या बाकड्यावर ठेवला, उजेडात.

चाचा टोपी खिशात घालत आले. बाकड्याशी थबकले. सवयीनं तळहात उजव्या डोळ्यावर गेला.

"पिवळी पडली," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "हात लावला न तू? मी नाही म्हटलं होतं न?"

एवढ्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा रागावले. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तरी म्हटलं, "हात काढा अन् दुसऱ्या डोळ्यावर ठेवा."

"नाही."

"चाचा, ठेवा."

त्यांनी हात काढला. थांबले. मग हळूच डाव्या डोळ्यावर ठेवला आणि नव्या डोळ्यानं फोटोकडे पाहिलं. फोटो उचलला. दारात गेले, उजेडाला धरला, जसा आयुष्यभर धरत आले तसा. मी काउंटरच्या मागे उभी होते. आता हे म्हणतील निळा जास्त आहे, नाहीतर म्हणतील पिवळा, नाहीतर फाडून टाकतील. रस्त्यावरून एक काळी-पिवळी जीप माणसं भरून गेली.

"बाप्पा!" चाचा म्हणाले.

"काय झालं?"

"ही तं चिडेल हाय!"

मी बाहेर आले. त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. खरंच. रंगाच्या नादात माझ्याही लक्षात आलं नव्हतं. चाचीच्या कपाळाला आठ्या होत्या, ओठ आवळलेले होते, आणि ती समोरच्या माणसाकडे अशी बघत होती की सापडला तर सोडणार नाही.

"मी एवढे साल समजून राह्यलो का हसून राह्यली," चाचा म्हणाले. "भर उन्हात उभी ठेवली होती मी तिले. जरा इकडं सरक, जरा तिकडं सरक, समुद्र पुरा आला पाह्यजे. लाट आली अन् तिच्या नव्या चपला भिजल्या. मंग काढून हातात घेतल्या. म्हणे, काढता का नाही एकदाचा, का बुडवाले आणलं मले?"

त्यांना हसू फुटलं. थांबेचना. हसता हसता डोळ्यातून पाणी यायला लागलं, दोन्ही डोळ्यांतून, आणि ते पुसायला हात गेला तसा मी धरला. डॉक्टरीनबाईंनी नवा डोळा चोळायचा नाही म्हणून सांगितलेलं होतं. मग मीही रडले.

ते बाकड्यावर बसले. फोटो मांडीवर ठेवला. एक डोळा मिटला, उघडला, दुसरा मिटला, उघडला.

"लाव त्या डॉक्टरीनबाईले फोन," ते म्हणाले. "एका डोळ्यानं एवढी चिडेल दिसून राह्यली. दोन्ही डोळ्यानं पाहू दे मले एकदा."

मी फोन लावला.